टेराहर्ट्झ तपासणीसाठी नमुना पाठवण्यापूर्वी

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या बंपरला रंग देणाऱ्यांपुढे एक जुनी अडचण असते. पत्र्यावरच्या रंगाची जाडी डीएफटी मीटर (सुकलेल्या रंगाची जाडी मोजणारे यंत्र) टेकवताच कळते. पण हे नेहमीचे मीटर चुंबकीय किंवा एडी करंटच्या (धातूत निर्माण होणाऱ्या भोवरी विद्युतप्रवाहाच्या) तत्त्वावर चालत असल्यामुळे त्यांना खाली धातू लागतो, आणि प्लॅस्टिकवर ते काहीच दाखवत नाहीत. पत्र्यावरही ते एकूण जाडी सांगतात. त्यात प्रायमर (सर्वांत खालचा थर) किती, बेस कोट (रंगछटेचा थर) किती आणि क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) किती, हे सांगत नाहीत. प्रत्येक थराची जाडी रंगाला स्पर्श न करता मोजणे हा माझ्या मते टेराहर्ट्झ लहरींचा आजचा सर्वांत भरवशाचा औद्योगिक उपयोग आहे. नाशिकहून अशा तपासणीसाठी नमुना पाठवायचा असल्यास तयारी कशी करावी, ते पुढे देत आहे.

या लहरी सूक्ष्मलहरी आणि अवरक्त किरण यांच्या मधल्या पट्ट्यात येतात. त्यांची वारंवारता साधारण ०.१ ते १० टेराहर्ट्झ आणि तरंगलांबी ३ ते ०.०३ मिलिमीटर असते. १ टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी कंपने. कोरडा कागद, कापड, सुके लाकूड, थर्माकोल आणि बरीचशी प्लॅस्टिके यांतून त्या पार जातात, धातूवरून परततात आणि पाण्यात मुरतात. त्यामुळे आपल्या वस्तूत धातू कोठे आहे आणि पाणी किती आहे, हे दोन प्रश्न सर्वांत आधी सोडवावेत. धातूच्या पत्र्यामागे काय आहे, हे या लहरी कधीच दाखवू शकणार नाहीत; मात्र धातूवरचा रंग त्या उत्तम दाखवतात, कारण खालचा धातू आरशाचे काम करतो.

पाण्याचे प्रकरण अधिक नाजूक आहे. पृष्ठभागावरचे परावर्तन सोडले तरी, १ टेराहर्ट्झच्या लहरीची जेमतेम एक-नवमांश ऊर्जा पाण्याच्या ०.१ मिलिमीटर थरातून पलीकडे जाते, आणि पूर्ण १ मिलिमीटर थरातून मोजण्याजोगे काही उरत नाही. हे मी पुस्तकात वाचले होते, तरीही जुलै महिन्यात नायलॉनचे तुकडे साध्या कागदी पाकिटातून मुंबईला नेले. संकेत इतका क्षीण आला की आम्ही दिवसभर मालातच दोष शोधत राहिलो. नायलॉन हवेतली ओल शोषून घेते, हे मोल्डिंगच्या कामातल्या माणसांना नवे नाही. मोल्डिंगआधी प्लॅस्टिकचे दाणे सुकवणारा हॉपर ड्रायर त्यासाठीच असतो. तेव्हापासून मी नायलॉनचे तुकडे ८० अंश सेल्सिअसला रात्रभर सुकवतो, थंड झाल्यावर वजन करतो, पुन्हा सुकवून पुन्हा वजन करतो, आणि दोन्ही वजने जुळली की मगच सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद पिशवीत भरतो.

जाडी मोजण्याचे तत्त्व साधे आहे. प्रयोगशाळेत सामान्यतः फेम्टोसेकंद लेसरच्या (अत्यंत अल्पकाळ चमकणाऱ्या लेसरच्या) साहाय्याने टेराहर्ट्झचा एक अतिशय लहान स्पंद (पल्स) निर्माण करतात आणि तो नमुन्यातून जाताना किंवा परतताना किती उशिरा पोहोचतो, हे मोजतात. काळा रंग न घातलेल्या एचडीपीईचा (जास्त घनतेच्या पॉलिथिनचा) अपवर्तनांक, म्हणजे त्यात लहर हवेपेक्षा किती पट हळू जाते तो आकडा, सुमारे १.५४ आहे; त्याची २ मिलिमीटरची पट्टी वाटेत ठेवली की स्पंद मोकळ्या हवेपेक्षा सुमारे ३.६ पिकोसेकंद (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) उशिरा येतो. अपवर्तनांक ठाऊक असेल तर जाडी निघते आणि जाडी ठाऊक असेल तर अपवर्तनांक निघतो. म्हणून नमुन्याच्या दोन्ही बाजू सपाट आणि समांतर असाव्यात, आणि त्याची जाडी मायक्रोमीटर स्क्रूने किमान पाच ठिकाणी मोजून सोबतच्या कागदावर लिहावी.

रंगाच्या बाबतीत खरी कसोटी पुढे आहे. ४० मायक्रॉन (०.०४ मिलिमीटर) जाडीच्या आणि सुमारे १.७ अपवर्तनांकाच्या क्लिअर कोटच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या स्पंदांत केवळ ०.४५ पिकोसेकंदाचे अंतर पडते. स्पंदाची स्वतःची लांबीही जवळपास तेवढीच असल्यामुळे दोन्ही प्रतिध्वनी एकमेकांवर चढतात आणि ते वेगळे काढण्यासाठी प्रत्येक थराचा अपवर्तनांक आधी माहीत असावा लागतो. त्यामुळे केवळ पूर्ण रंगवलेला बंपर पाठवून भागत नाही. त्याच प्लॅस्टिकच्या चार सपाट पट्ट्या घ्याव्यात: एक कोरी, दुसरी फक्त प्रायमरची, तिसरी प्रायमर आणि बेस कोटची, चौथी सर्व थरांची. मेटॅलिक छटेत ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात आणि त्यांमुळे बेस कोटचा अपवर्तनांक बदलतो, म्हणून प्रत्येक छटेचा संच वेगळा करावा. एक पट्टी कापून तिचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली मोजून ठेवावा, म्हणजे येणारे आकडे ताडून पाहता येतात.

प्रयोगशाळा ठरवताना, मोजणीचा मार्ग कोरड्या हवेने किंवा नायट्रोजनने भरला जातो का, हे जरूर विचारावे. हवेतली वाफ ०.५५७ आणि १.०९७ टेराहर्ट्झसारख्या ठरावीक ठिकाणी जोरदार शोषण करते आणि अनभिज्ञ माणसाला ते नमुन्याचेच गुण वाटतात. यंत्र नीट लागले आहे का, हे पाहण्यासाठी लॅक्टोज मोनोहायड्रेटची (दुधातल्या साखरेची) वडी उपयोगी पडते, कारण तिचे शोषण ०.५३ टेराहर्ट्झजवळ स्पष्ट दिसते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या लहरींवर संशोधन चालते. मात्र कोणत्याही संस्थेत बाहेरचे नमुने घेतात का, हे आधी पत्राने विचारावे.

प्लॅस्टिकऐवजी द्राक्षाचे पान तपासायचे असेल तर नमुना सुकवून नेण्याचा नियम उलटा करावा लागतो, कारण तेथे पाणीच मोजायचे असते. बेल प्रयोगशाळेतील हू आणि नस यांनी १९९५ मध्ये ताज्या पानाची आणि त्याच पानाची ४८ तासांनंतरची टेराहर्ट्झ चित्रे प्रसिद्ध केली. सुकत गेलेल्या पानातून लहरी अधिक पार गेल्या होत्या. ऑक्टोबर छाटणीनंतरचे पान न्यायचे असेल तर देठ ओल्या कापसात गुंडाळून ते बंद पिशवीत ठेवावे, पानावरचे दव किंवा फवारणीचे थेंब टिपून घ्यावेत आणि मोजणीच्या लगेच आधी व नंतर वजन करावे. शेवटी पान ७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवले की पाण्याचे खरे प्रमाण मिळते. पान धरून ठेवायला थर्माकोलची चौकट चांगली, कारण १ टेराहर्ट्झच्या खाली ती लहरींना जवळजवळ अडवत नाही. बागेच्या रोजच्या पाण्यासाठी मात्र टेन्सिओमीटर (मातीतली ओल दाखवणारे साधन) पुरेसा आहे. या महागड्या यंत्राची जागा सध्या संशोधनातच आहे.

टेराहर्ट्झच्या नावाने आजार बरे करणाऱ्या कांड्या आणि दगडाच्या माळा विकल्या जातात, त्यांपासून घरातल्या वडीलधाऱ्यांना कळकळीने सावध करावे. १ टेराहर्ट्झच्या लहरीतील एका प्रकाशकणाची (फोटॉनची) ऊर्जा सुमारे ०.००४ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. क्ष-किरणांप्रमाणे ती अणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर काढू शकत नाही, म्हणून तपासणी त्या दृष्टीने सुरक्षित आहे. त्याचबरोबर त्वचेतल्या पाण्यामुळे या लहरी मिलिमीटरच्या अंशातच थांबतात आणि आतल्या अवयवापर्यंत पोहोचतच नाहीत.

अहवाल घेताना केवळ जाडीचा आकडा घेऊन परतू नये. नमुन्याचा आणि रिकाम्या मार्गाचा, किंवा परावर्तनाची मोजणी असेल तर धातूच्या आरशाचा, असे दोन्ही मूळ कालसंकेत (वेळेनुसार नोंदलेले संकेत) फाइलच्या स्वरूपात मागावेत, त्या दिवशीची आर्द्रता आणि गृहीत धरलेला अपवर्तनांक लिहून घ्यावा, आणि उरलेल्या पट्ट्या सिलिका जेलसह जपून ठेवाव्यात.