फ्रॉगमाउथ बघायला मोलेला जाताय? या चुका टाळा

थंडी सुरू झाली की गोव्यातल्या मोले, तांबडी सुर्ला, बोंडला इकडच्या जंगलांत कॅमेरेवाल्यांची रांग लागते आणि निम्म्या लोकांना एकच पक्षी हवा असतो, श्रीलंकन फ्रॉगमाउथ, बेडकासारख्या रुंद तोंडाचा, रात्री जागणारा. भारतात तो फक्त पश्चिम घाटात सापडतो, त्यामुळे ओढ समजते.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते. दिवसा हा निवांत असतो तेव्हा मान आत ओढलेली, पिसं सैल, मऊ गोळाच. आपण जवळ गेलो की अगदी सावकाश चोच वर करतो, अंग ताणतो, डोळ्यांची नुसती फट ठेवतो आणि हुबेहूब मोडक्या फांदीचा तुकडा वाटायला लागतो. लोक म्हणतात वा, काय पोज दिलीय! अहो ती पोज नाही, तो घाबरलाय. चोच वर गेली की मागे सरका, गप्प उभे राहा, चोच खाली आली तरच क्लिक करा.

"तासभर शोधला, दिसलाच नाही", कारण तुम्ही शेंडे बघत होता. हा बऱ्याचदा डोक्याच्या जरा वर, वेली-बांबूच्या गचपणात बसतो, जेमतेम वीतभर, वाळक्या पानांच्या झुबक्यासारखा. जोडी खेटून बसलेली असते, नर करडा, मादी तांबूस. रातवा (नाइटजार, असाच दिसणारा निशाचर पक्षी) समजू नका, रातवा जमिनीवर किंवा फांदीला समांतर पसरतो, हा ताठ बसतो आणि चोचीच्या मुळाशी राठ केसांच्या मिशा असतात.

फोटो काळा येतोय? फ्लॅश नको, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता) वाढवा, मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) घ्या, पक्षी हलत नाही त्यामुळे शटर स्लो चालतो. समोरची पानं तर मुळीच तोडू नका, तोच त्याचा आडोसा. गेल्या वर्षी एका ग्रुपने "क्लीन फ्रेम"साठी डहाळी मोडली, दुसऱ्या दिवशी ती फांदी रिकामी होती, मला फार वाईट वाटलं.

मोबाईलवर त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्याला बोलावणं बंदच करा, जानेवारी ते एप्रिल तर नाहीच नाही. तेव्हा त्याचं घरटं असतं, शेवाळ आणि स्वतःच्या मऊ पिसांची इवलीशी गादी, बाहेरून दगडफूल चिकटवलेलं, त्यात एकच अंडं आणि दिवसभर त्यावर नर बसलेला. तो उडाला की अंडं उघडं.

आणि एकाच जागी तो कित्येक दिवस बसतो, म्हणून लोकेशन ग्रुपवर टाकू नका, फोटोत आपोआप नोंदलं जाणारं जीपीएस लोकेशन पण काढून टाका.