खान्देशातल्या पोरींना कॉम्प्युटर सायन्सकडे कसं आणायचं? शाळेतल्या सर-मॅडमसाठी

पोरींना यात आवड नसते हे बोलणं आधी बंद करा. चोपडा घ्या, शिरपूर घ्या, शहादा घ्या, शाळेच्या लॅबमध्ये मागं उभं राहून बघा, एका कॉम्प्युटरवर चार जण, माउस पोराकडे, की-बोर्ड दुसऱ्या पोराकडे आणि पोरी मागून बघून वहीत उतरवून घेतात. घरीही मोबाईल भावाच्या खिशात. हातच लागला नाही तर आवड कुठून येणार?

म्हणून आठवड्यातला एक तास फक्त पोरींचा ठेवा, एका मशीनवर दोघीच, आणि दर दहा मिनिटांनी घड्याळ बघून माउस बदलायचा. तास शाळेच्या वेळेतच घ्या, सुटल्यावर घेतला की एसटी चुकते, अंधार पडतो आणि दुसऱ्या दिवसापासून घरचे पाठवत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

लाईट गेली तरी तास बुडवू नका. पाच पुठ्ठे घ्या, त्यावर 16, 8, 4, 2, 1 असे ठिपके काढा आणि पाच पोरींना ओळीत उभं करा. पुठ्ठा समोर दाखवला की 1, पालथा केला की 0. आता म्हणा, तेरा करून दाखवा. थोडी कुजबुज होते, मग 8, 4 आणि 1 वाल्या पुठ्ठे दाखवतात, झालं 01101. असं करत 31 पर्यंत जाता येतं, आणि 32 सांगितलं की सगळ्या अडकतात. इथं तुम्ही गप्प बसा, उत्तर सांगायची घाई करू नका, कोणीतरी म्हणतेच की सर अजून एक पोरगी लागेल. बायनरी, म्हणजे फक्त 0 आणि 1 ने आकडे लिहायची कॉम्प्युटरची पद्धत, समजली! मराठीत अडलं तर अहिराणीत बोला, आणि धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पावरा, भिल्ल मुली असतील तर त्यांच्यातल्याच मोठ्या मुलीला तिच्या बोलीत समजवायला सांगा.

मग स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, एकदा डाऊनलोड केलं की इंटरनेट लागत नाही, ठोकळे जोडायचे म्हणून इंग्रजी स्पेलिंगची भीती पण राहत नाही. पण त्यावर मांजर पळवत वर्ष घालवू नका, लवकर पायथॉनवर (टाईप करून प्रोग्राम लिहायची भाषा) या आणि घरचं काम द्या. माझ्या मते सगळ्यात चांगला प्रोजेक्ट म्हणजे कापूस वेचणीचा हिशोब, बायांची नावं, प्रत्येकीचे किलो, किलोचा भाव, आणि शेवटी कोणाला किती पैसे द्यायचे. प्रत्येक बाईसाठी तोच गुणाकार परत परत, म्हणजे लूप, वेगळा शिकवावा लागत नाही. प्रोग्राम तयार झाला की पोरीने तो आईला दाखवायचा, आईच्याच वेचणीचे आकडे टाकून. मात्र वेचणी जोरात असते तेव्हा पोरी शेतात असतात, म्हणून तास जून-जुलैतच सुरू करा.

कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजात 2006 च्या सुमारास कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्यांमध्ये मुली साधारण दहा टक्के होत्या, पाचेक वर्षांत त्या चाळीसच्या आसपास गेल्या. त्यांनी ज्यांना आधीपासून कोडिंग येतं आणि ज्यांनी कधीच केलं नाही त्यांचे वर्ग वेगळे केले, आणि वर्गात सारखं मोठमोठं बोलणाऱ्यांना प्राध्यापक बाजूला घेऊन समजवायचे. हे आपल्याकडेही जमतं, खर्च काही नाही.

आता घरचे. ‘पोरले इतलं शिकाडीसन काय करनं शे’ असं म्हणणाऱ्या बापाला भाषण देऊ नका, माणूस दाखवा. आखाजीला (अक्षय तृतीयेला) पुण्यात आयटीत असलेल्या गावच्या लेकी माहेरी येतात, तेव्हा त्यांच्यातली एखादी शाळेत किंवा सरळ त्या घरी न्या आणि होस्टेल कसं आहे, पगार किती, रात्री येणं-जाणं कसं, हे बापाला तिलाच विचारू द्या. आईला आवर्जून बसवा.

एमएससीआयटी (कॉम्प्युटर वापरायचा प्राथमिक कोर्स) झालं म्हणजे कॉम्प्युटर झालं असं बऱ्याच घरी वाटतं, त्यांना पुढचा रस्ता कागदावर लिहून द्या. दहावीनंतर कॉम्प्युटर डिप्लोमा (सरकारी पॉलिटेक्निक जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आहे), तिथून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बीसीएला सायन्सच पाहिजे असंही नाही. आणि फी! 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसी मुलींना इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक कोर्सची ट्युशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत पाहिजे आणि ॲडमिशन कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही.

पण हुशार पोरगी कागदासाठी अडते. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी (जात पडताळणी), नॉन क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, ज्याला जे लागतं ते निकालाच्या वर्षभर आधी काढायला लावा, व्हॅलिडिटीला तर सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून ती फाईल पहिली टाका आणि पावतीची झेरॉक्स शाळेतही ठेवा.