बिस्मार्किया पाम लावताय? या चुका टाळा

फार्महाऊसच्या फाटकाशी बिस्मार्किया लावायची हौस आता बरीच वाढली आहे. पंख्यासारखी निळसर-चंदेरी पानं, मूळ घर मादागास्करमधली गवताळ माळरानं. आपलं ऊन त्याला मानवतं. तरी झाड बिघडतं, कारण लावताना केलेली चूक चार-पाच वर्षांनी दिसते आणि तोवर ते हलवायची सोय राहत नाही.

सगळ्यात जास्त फसगत जागेत होते. रोप गुडघ्याएवढं, म्हणून कुंपणापासून चार फुटांवर खड्डा घेतला जातो. पुढे एकेक पान आठ-दहा फूट रुंद होतं, घेर वीस फुटांपर्यंत जातो. भिंतीपासून किमान १२ फूट सोडा, वर विजेची तार नको. सावलीत चंदेरी रंग हिरवट पडतो. (कोवळ्या रोपावर लालसर झाक असेल तर नर्सरीवाल्याशी वाद घालू नका, ती जाते.)

रोप घेताना पिशवी उचलून तळ बघा. या पामचा कोंब रुजताना आधी जमिनीत खोल उतरतो, मग वर येतो. त्यामुळे मुळं पिशवी फोडून खाली गेलेली असू शकतात. ती तुटली की रोप महिनोन्‌महिने रुसतं, कधी मरतंच. जमिनीतून काढलेलं मोठं झाड घेत असाल, तर काही महिने आधी मुळं छाटून ठेवली होती का, ते विचारा. लावताना मातीचा गोळा फुटू देऊ नका, बुंधा पूर्वीपेक्षा खोल पुरू नका. काळ्या मातीत उंचवटा करूनच लावा.

खालच्या जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके आले की माळी कोयता काढतो. थांबवा त्याला! बहुतेकदा ही पालाशची (पोटॅशियमची) कमतरता असते. झाड जुन्या पानांतलं पालाश काढून नव्या पानांना पुरवत असतं. ती पानं छाटली की कमतरता आणखी वर सरकते. पालाश आणि मॅग्नेशियम असलेलं खत द्या, पूर्ण वाळलेलं पानच काढा.

शेणखताचा ढीग झाडाजवळ नको, त्यात गेंड्या भुंगा वाढतो. नवं पान उलगडल्यावर कात्रीनं कापल्यासारखे त्रिकोण दिसले तर तो शेंड्यात शिरून गेला आहे. याला शेंडा एकच; तो मेला की झाड गेलं. त्यामुळे शेंड्यालगतच्या पानांच्या बेचक्यांत चघळलेला भुसा दिसतो का, ते पावसाळ्यात अधूनमधून बघत जा.