लॉक फाइल उडवण्याआधी थांबा: फ्रंट-एंड पॅकेजेस सांभाळताना या चुका टाळा

बिल्ड (कोडपासून चालणारं ॲप बनवण्याची पायरी) फेल झाला की टीममधलं कोणीतरी हमखास सुचवतं, "नोड-मॉड्यूल्स उडव, लॉक फाइल उडव, पुन्हा इन्स्टॉल मार." पुष्कळदा त्यानं बिल्ड चालूही होतो, आणि म्हणूनच ही सवय सुटत नाही. नोड-मॉड्यूल्स हा उतरवलेल्या पॅकेजेसचा, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचा, फोल्डर खुशाल उडवा, तो जसाच्या तसा परत उभा राहतो. लॉक फाइलचं तसं नाही. काल जे चालत होतं त्याची, म्हणजे प्रत्येक पॅकेजच्या नेमक्या व्हर्जनची, एकमेव लेखी नोंद तिच्यात असते. ती पुसली की शेकडो पॅकेजेसची व्हर्जन्स एका फटक्यात सरकू शकतात आणि नेमकं कशानं काय मोडलं हे शोधायला हाती काहीच उरत नाही.

पुण्यातल्या प्रोजेक्टची नेहमीची मांडणी बघा. हिंजवडीत काही जण विंडोज लॅपटॉपवर, खराडीच्या ऑफिसात काही जण मॅकवर, आणि बिल्ड मात्र परदेशातल्या क्लायंटच्या लिनक्स सर्व्हरवर. एकच पॅकेज.जेसन (प्रोजेक्टला कोणती पॅकेजेस हवीत याची यादी) तीन जागी इन्स्टॉल होतं आणि तिन्हीकडे वेगळी व्हर्जन्स उतरली तर ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य रोज ऐकू येतं.

कॅरटच्या खुणेवर भिस्त

पॅकेज.जेसनमध्ये ‘^१.४.२’ (^ म्हणजे कॅरट) लिहिलं म्हणजे १.४.२ मिळेल असं नाही. १.४.२ पासून २.०.० च्या आतलं कुठलंही व्हर्जन त्यात बसतं. ‘~१.४.२’ ची मर्यादा १.५.० च्या आत. शून्यानं सुरू होणाऱ्या व्हर्जन्सना नियम कडक आहे: ‘^०.४.२’ म्हणजे ०.५.० च्या आत, आणि ‘^०.०.३’ म्हणजे फक्त ०.०.३.

यावर उपाय म्हणून काही जण सगळ्या खुणा काढून आकडे पक्के करतात. त्यानं काम अर्धंच होतं. तुम्ही थेट मागवलेली पॅकेजेस जागेवर राहतात, पण ती पॅकेजेस ज्यांच्यावर उभी आहेत त्यांच्या पॅकेज.जेसनमध्ये कॅरट तसाच असतो. संपूर्ण झाड पक्कं करते ती लॉक फाइलच. ती गिटइग्नोअरमध्ये (गिटनं वगळायच्या फाइल्सच्या यादीत) असेल तर आजच बाहेर काढा आणि कमिट करा.

सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’

एनपीएम हे पॅकेजेस उतरवणारं साधन. पॅकेज.जेसन आणि लॉक फाइल यांचं जुळत नसेल तर ‘एनपीएम इन्स्टॉल’ गपचूप लॉक फाइल बदलून पुढे जातो. ‘एनपीएम सीआय’ आधी नोड-मॉड्यूल्स काढतो, लॉकमध्ये आहे तेच उतरवतो आणि दोन्ही फाइल्सचं जुळलं नाही तर तिथेच थांबतो. बिल्ड सर्व्हरवर कायम दुसरा. लॅपटॉपवरही गिट पुल केल्यावर दुसराच चालवा. पहिला फक्त पॅकेज वाढवताना, काढताना किंवा बदलताना.

डॉकरफाइलमध्ये (ॲपची इमेज, म्हणजे सर्व्हरवर चालवायचा गठ्ठा, बनवण्याच्या कृतीत) याची एक ठरलेली चूक दिसते. फक्त पॅकेज.जेसन कॉपी करून इन्स्टॉल चालवलेला असतो आणि लॉक फाइल त्या टप्प्यावर इमेजमध्ये आलेलीच नसते. दोन्ही फाइल्स एकत्र कॉपी करा, मग सीआय, आणि उरलेला कोड त्यानंतर. डॉकरइग्नोअरमध्ये नोड-मॉड्यूल्स असलंच पाहिजे. नाहीतर मॅक किंवा विंडोजसाठी बनलेल्या बायनरी फाइल्स लिनक्सच्या इमेजमध्ये जाऊन बसतात.

लॉक फाइलमध्ये मर्ज कॉन्फ्लिक्ट (दोघांच्या बदलांची टक्कर) आला तर त्या खुणा हातानं सोडवू नका. आधी पॅकेज.जेसनमधला कॉन्फ्लिक्ट नीट सोडवा आणि मग ‘एनपीएम इन्स्टॉल’ चालवा. लॉकमधला कॉन्फ्लिक्ट एनपीएम स्वतः मिटवतो. त्यानंतर डिफ, म्हणजे बदललेल्या ओळी, वाचा. एक छोटं पॅकेज वाढवलं आणि हजारो ओळी बदलल्या तर बहुधा कोणाच्या तरी मशीनवर जुना नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, एनपीएम त्याच्याबरोबरच येतो) आहे. एनपीएम ६ लॉकफाइल व्हर्जन १ लिहितो, ७ आणि ८ हे २ लिहितात, ९ पासून पुढे ३. एनपीएम ६ ने नवी लॉक फाइल उघडून लिहिली की अख्खी फाइल जुन्या साच्यात जाते. एनव्हीएमआरसी फाइलमध्ये नोडचं व्हर्जन लिहा, पॅकेज.जेसनमध्ये ‘इंजिन्स’खाली चालणारी व्हर्जन्स भरा, आणि प्रोजेक्टच्या एनपीएमआरसीमध्ये (एनपीएमच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये) ‘इंजिन-स्ट्रिक्ट=ट्रू’ टाका. ही शेवटची ओळ नसेल तर ‘इंजिन्स’ नुसती वॉर्निंग देऊन सोडून देतं.

एकाच रेपोमध्ये एनपीएमची आणि यार्नची (एनपीएमसारखंच दुसरं साधन) अशा दोन लॉक फाइल्स असतील तर एक काढून टाका. कोणती ठेवायची हा टीमचा निर्णय, पण दोन नकोत.

ई-रिझॉल्व्ह दिसला की ‘लेगसी-पीअर-डेप्स’

सगळ्यात जास्त नुकसान ही सवय करते, म्हणून इथे सविस्तर. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या एनपीएम ७ पासून पीअर डिपेंडन्सी (लायब्ररी तुमच्या प्रोजेक्टकडून ज्यांची अपेक्षा धरते ती पॅकेजेस) आपोआप इन्स्टॉल होतात आणि अटी जुळल्या नाहीत तर ई-रिझॉल्व्ह एरर येतो. तो एरर लांबलचक असतो, पण त्यातल्या दोन गोष्टीच कामाच्या. ‘फाउंड’ या शब्दापुढे तुमच्याकडे काय आहे ते असतं, समजा रिॲक्ट १९ (रिॲक्ट म्हणजे स्क्रीन बनवण्याची लायब्ररी). ‘पीअर’ या शब्दापुढे लायब्ररीला काय हवं ते असतं, समजा रिॲक्ट १७ किंवा १८, आणि शेवटी ही अट कोणी घातली त्या पॅकेजचं नाव.

हे न वाचता इन्स्टॉलला ‘लेगसी-पीअर-डेप्स’ हा फ्लॅग लावला की एनपीएम पीअरच्या अटी बघणंच सोडतो. बिल्ड हिरवा, टेस्टही पास. पण रिॲक्ट १९ ने ‘फाइंड-डॉम-नोड’ आणि जुना ‘रिॲक्ट-डॉम-रेंडर’ ही फंक्शन्स काढून टाकली आहेत. एखादा जुना डेट पिकर आतून ‘फाइंड-डॉम-नोड’ वापरत असेल तर वापरकर्ता तारखेवर क्लिक करेल तेव्हा एरर फुटेल आणि एरर बाउंडरी (एरर अडवणारा कॉम्पोनंट) नसेल तर स्क्रीन पांढरी पडेल. टेस्टमध्ये तो पिकर कोणी उघडलाच नसेल तर हे प्रॉडक्शनवरच कळतं. त्यात हा फ्लॅग एनपीएमआरसीमध्ये कायमचा लिहून ठेवला असेल तर पुढचा प्रत्येक खरा इशाराही दाबला जातो. ती ओळ आढळली तर काढा आणि काय काय बाहेर येतं ते एकदा बघाच.

योग्य क्रम असा. एररमध्ये नाव आलेल्या पॅकेजचं नवीन व्हर्जन रिॲक्ट १९ चालवतं का ते ‘एनपीएम व्ह्यू’, पॅकेजचं नाव आणि ‘पीअरडिपेंडन्सीज’ असं लिहून बघा. चालत असेल तर ते अपग्रेड करा. तसं व्हर्जन नसेल पण तुम्ही प्रत्येक स्क्रीन तपासून घेतली असेल तर पॅकेज.जेसनच्या ‘ओव्हरराइड्स’मध्ये फक्त त्याच लायब्ररीच्या नावाखाली रिॲक्टची किंमत ‘$रिॲक्ट’ अशी द्या, म्हणजे तुमच्या प्रोजेक्टचंच रिॲक्ट तिला लागू होतं. ही सोय एनपीएम ८.३ पासून आहे. सूट एकाच पॅकेजपुरती राहते आणि रिव्ह्यूमध्ये दिसते. यातलं काहीच जमत नसेल तर रिॲक्ट १८ वर थांबा.

‘इनव्हॅलिड हुक कॉल’ हा एरर याचाच जवळचा भाऊबंद (हुक म्हणजे रिॲक्टची खास फंक्शन्स). हुकचे नियम पाळलेले असूनही तो आला तर ‘एनपीएम एलएस रिॲक्ट’ चालवा. यादीत एकच व्हर्जन आणि बाकी ठिकाणी ‘डिड्युप्ड’ (म्हणजे तीच प्रत पुन्हा वापरली) दिसायला हवं. दोन वेगळी व्हर्जन्स दिसली तर आधी कंपनीच्या स्वतःच्या कॉम्पोनंट लायब्ररीवर संशय घ्या. तिच्या पॅकेज.जेसनमध्ये रिॲक्ट बहुधा ‘डिपेंडन्सीज’मध्ये असतं. ते ‘पीअरडिपेंडन्सीज’मध्ये न्या, आणि लायब्ररीच्या स्वतःच्या डेव्हलपमेंटसाठी ‘डेव्हडिपेंडन्सीज’मध्येही (फक्त डेव्हलपमेंटला लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीतही) ठेवा. ‘एनपीएम लिंक’नं जोडलेल्या लायब्ररीमुळेही हे होतं. व्हीट (बिल्डचं साधन) वापरत असाल तर ‘रिझॉल्व्ह-डिड्युप’ सेटिंगमध्ये रिॲक्ट आणि रिॲक्ट-डॉम टाका.

ऑडिटचे लाल आकडे आणि ‘फोर्स’

‘एनपीएम ऑडिट’ पॅकेजेसमधले सुरक्षेचे ज्ञात दोष दाखवतो. ते दुरुस्त करणाऱ्या ‘एनपीएम ऑडिट फिक्स’ला फोर्स जोडला की तो मेजर व्हर्जन (पहिला आकडा) बदलायला मोकळा होतो, पुढे किंवा मागे. क्रिएट-रिॲक्ट-ॲपच्या (रिॲक्ट प्रोजेक्ट उभा करून देणाऱ्या साधनाच्या) प्रोजेक्ट्समध्ये त्यानं ‘रिॲक्ट-स्क्रिप्ट्स’ थेट ०.०.० वर नेऊन ठेवल्याच्या तक्रारी नेटवर भरपूर सापडतील. त्या व्हर्जनवर प्रोजेक्ट सुरूच होत नाही. आकडे लाल दिसले की आधी ‘एनपीएम एक्स्प्लेन’ आणि पॅकेजचं नाव द्या, म्हणजे ते कोणी आणलं ते कळतं. मग ज्यानं आणलं ते अपग्रेड करा. क्रिएट-रिॲक्ट-ॲप फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरवलं गेलं, त्यामुळे तिथल्या ऑडिटशी झुंजण्यापेक्षा तो वेळ व्हीटवर जाण्यात घालवलेला बरा.

बिल्ड सर्व्हरवर ‘व्हीट नॉट फाउंड’

सर्व्हरवर ‘नोड-एन्व्ह’ या व्हेरिएबलची किंमत प्रॉडक्शन असेल तर एनपीएम डेव्हडिपेंडन्सीज वगळतो आणि व्हीट, टाइपस्क्रिप्ट वगैरे बिल्डची हत्यारं उतरतच नाहीत. म्हणून त्यांना डिपेंडन्सीजमध्ये ढकलण्याची गरज नाही. इन्स्टॉलच्या पायरीला ‘इन्क्लूड=डेव्ह’ द्या. बंडलमध्ये (ब्राउझरला पाठवायच्या तयार फाइल्समध्ये) काय जातं ते इम्पोर्टवरून ठरतं, पॅकेज कोणत्या यादीत आहे त्यावरून नाही.

कंपनीचं नेटवर्क

ऑफिसच्या प्रॉक्सीमुळे ‘सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट’चा एरर आला की ‘स्ट्रिक्ट-एसएसएल’ फॉल्स करण्याचा सल्ला मिळतो. तो पाळू नका. त्यानं समोरचा सर्व्हर खरा आहे की नाही ही तपासणीच बंद पडते. आयटीकडून कंपनीचं रूट सर्टिफिकेट मागवा, पेम फाइल म्हणून ठेवा आणि तिचा पत्ता ‘नोड-एक्स्ट्रा-सीए-सर्ट्स’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये किंवा एनपीएमच्या ‘सीएफाइल’ सेटिंगमध्ये द्या.

दुसरी अडचण लॉक फाइलच्या आत दडलेली असते. इन्स्टॉल कंपनीच्या अंतर्गत रजिस्ट्रीवरून (पॅकेजेसच्या साठ्यावरून) झालं की लॉकमधल्या ‘रिझॉल्व्ह्ड’ ओळींत त्या अंतर्गत सर्व्हरचे पत्ते बसतात. मग वाकडला घरून व्हीपीएनशिवाय इन्स्टॉल अडकतं, आणि क्लायंटच्या सर्व्हरवर टाइमआउट किंवा ‘ई-नॉट-फाउंड’ येतो. कोड क्लायंटच्या हवाली करण्याआधी लॉक फाइलमध्ये कंपनीच्या डोमेनचं नाव सर्च करा. अंतर्गत रजिस्ट्री फक्त कंपनीच्या स्कोपपुरती (कंपनीच्या नावानं सुरू होणाऱ्या पॅकेजेसपुरती) ठेवा, बाकी सगळं पब्लिक रजिस्ट्रीवरून येऊ द्या. रजिस्ट्रीचं टोकन (प्रवेशाची किल्ली) एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्या, रेपोमधल्या एनपीएमआरसीत कधीही नको.

लॉक फाइल खरंच उडवावी लागते ती वेळ

लॅपटॉपवर सगळं ठीक, पण लिनक्सवर ‘रोलअप-लिनक्स-एक्स६४-जीएनयू’ मॉड्यूल सापडत नाही, असा एरर व्हीटच्या प्रोजेक्टमध्ये येतो. रोलअप (फाइल्सचं बंडल बांधणारं साधन) प्रत्येक प्लॅटफॉर्मची बायनरी ऑप्शनल डिपेंडन्सी म्हणून ठेवतो. नोड-मॉड्यूल्स आधीपासून असताना लॉक नव्यानं बनली तर एनपीएममधल्या एका जुन्या दोषामुळे बाकीच्या प्लॅटफॉर्म्सच्या नोंदी तिच्यातून गळतात. इथे नोड-मॉड्यूल्स आणि लॉक दोन्ही काढून नव्यानं इन्स्टॉल करणं हाच उपाय. मात्र आधी ‘एनपीएम एलएस’चा निकाल एका फाइलमध्ये साठवा, नंतरच्या निकालाशी ताडून बघा, आणि हा बदल वेगळ्या कमिटमध्ये ठेवा.

आजच आलेलं व्हर्जन आजच

मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे जेमतेम ११ ओळींचं पॅकेज रजिस्ट्रीवरून काढलं गेलं आणि जगभरचे बिल्ड थांबले. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘चॉक’ आणि ‘डीबग’ या अतिवापरातल्या पॅकेजेसची घातक व्हर्जन्स काही तास रजिस्ट्रीवर होती. त्या तासांत ज्यांनी लॉकशिवाय किंवा नव्यानं इन्स्टॉल केलं, धोका त्यांना होता. पीएनपीएममध्ये (एनपीएमचा एक पर्याय) १०.१६ पासून ‘मिनिमम-रिलीज-एज’ सेटिंग आहे, आकडा मिनिटांत. ४३२० लिहिलं तर तीन दिवसांहून नवं व्हर्जन तो घेत नाही. पीएनपीएम १० डिपेंडन्सीजच्या इन्स्टॉल स्क्रिप्ट्सही परवानगीशिवाय चालवत नाही, आणि नवीन प्रोजेक्ट सुरू करताना त्याच्याकडे वळायला हे कारण पुरेसं आहे. यादीत न लिहिलेलं पॅकेज कोडमध्ये इम्पोर्ट केलेलं असेल तर तेही तो लगेच पकडतो. एनपीएममध्ये असं पॅकेज दुसऱ्याच्या पाठीवर बसून चालत राहतं आणि त्या दुसऱ्याचं अपग्रेड झालं की गायब होतं.

अपग्रेड रिलीजच्या आदल्या दिवशी किंवा गणपतीच्या सुट्टीच्या तोंडावर करू नका. ‘एनपीएम आउटडेटेड’मध्ये ‘वाँटेड’चा रकाना पॅकेज.जेसनच्या मर्यादेतलं व्हर्जन दाखवतो, ‘लेटेस्ट’चा त्यापलीकडचंही. वाँटेडपर्यंतचे बदल एका पुल रिक्वेस्टमध्ये घ्या, प्रत्येक मेजर वेगळ्यामध्ये. तरीही काही मोडलं तर शेवटच्या चांगल्या कमिटवरून पॅकेज.जेसन आणि लॉक फाइल दोन्ही परत आणा आणि ‘एनपीएम सीआय’ चालवा. ॲप चाललं तर दोष पॅकेजेसमध्ये, नाही चाललं तर तुमच्या कोडमध्ये. पॅकेजेसमध्ये असेल तर ‘गिट बायसेक्ट’ (कमिट्स निम्मे-निम्मे करत दोषी शोधणारी आज्ञा) लावा आणि प्रत्येक टप्प्यावर सीआय आणि बिल्ड चालवा. अपग्रेडचे कमिट वेगवेगळे ठेवले असतील तर सोळा कमिट्समधला दोषी कमिट चार टप्प्यांत सापडतो.