मराठवाड्याच्या शिवारात रोही कसा पाहावा

रोही, म्हणजे नीलगाय, पाहण्यासाठी मराठवाड्यातील माणसाला सफारीच्या जीपमध्ये बसावे लागत नाही. आशिया खंडातील कुरंगवर्गीय (अँटिलोप) प्राण्यांमध्ये सर्वांत मोठा असलेला हा प्राणी दाट जंगलापेक्षा माळरान, विरळ काटेरी झुडपे आणि त्यांना लागून असलेली शेती पसंत करतो. त्यामुळे कन्नड तालुक्यातील गौताळा अभयारण्याइतकाच तो गावाच्या गायरानालगतही आढळतो. मात्र बहुतेकांना तो दुचाकीवरून जाताना, क्षणभर आणि पाठमोरा दिसतो. त्याला निवांत पाहायचे असेल, तर आधी त्याच्या लेंड्यांचा ढीग ओळखायला शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुर्बीण नंतर घेतली तरी चालते.

रोही बऱ्याचदा ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा येऊन लेंड्या टाकतो. अशी जागा सहसा पाऊलवाटेच्या कडेला, बांधालगत किंवा माळावरच्या मोकळ्या पट्ट्यात सापडते. गाईम्हशींचे शेण एकसंध आणि पसरट पडते, तर रोहीच्या लेंड्या सुट्या आणि शेळीच्या लेंडीपेक्षा ठळकपणे मोठ्या असतात, त्यामुळे थोड्या सरावाने गफलत होत नाही. ढिगाजवळ उकिडवे बसून नीट पाहिल्यास त्याचे थर दिसू लागतात: तळाच्या लेंड्या उन्हाने राखाडी होऊन बोटाने चुरल्या जातात, तर वरच्या काळपट, ओलसर आणि चकचकीत असतात. वरच्या लेंड्या ताज्या असतील, तर ती जागा वापरात आहे असे समजावे. मग भोवतालच्या मऊ मातीत खूर शोधावेत. बैलाचा खूर गोलसर आणि पसरट उमटतो, तर रोहीचा लांबट आणि पुढे निमुळता. खुरांच्या रांगेवरून प्राणी कोणत्या झुडपातून येतात आणि कोणत्या शेताकडे जातात, याचा अंदाज बांधता येतो. बसण्याची जागा त्या वाटेवर न निवडता तिच्यापासून दीडदोनशे पावले बाजूला, बाभळीच्या किंवा बांधाच्या आडोशाने आणि वारा आपल्याकडून त्यांच्याकडे वाहणार नाही अशी निवडावी.

वेळ पहाटेची किंवा दिवस मावळतीची धरावी. दुपारच्या उन्हात कळप सावलीला बसून रवंथ करतात आणि समोर असूनही नजरेत भरत नाहीत. थंडीत हिरवा चारा खाऊन हा प्राणी पाण्यावाचून काही दिवस काढू शकतो, म्हणून त्या काळात पाणवठ्यावर ताटकळत बसण्यात फारसा अर्थ नसतो. तेव्हा हरभऱ्याच्या आणि शाळूच्या शिवाराकडे लक्ष ठेवावे. उन्हाळ्यात मात्र पाणवठाच गाठावा. वैशाखातील बुद्धपौर्णिमेला वनविभाग अभयारण्यांतील पाणवठ्यांवर मचाणावरून प्राण्यांची नोंद करतो आणि त्यासाठी अनेक ठिकाणी निसर्गप्रेमींनाही बसू देतो. नवख्याने ही संधी सोडू नये. येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात किंवा गौताळ्यात जायचे असल्यास वनविभागाच्या स्थानिक कार्यालयात आधी चौकशी करावी.

ओळखण्यात अडचण येते ती माद्या आणि लहान नरांच्या बाबतीत. प्रौढ नर निळसर करड्या रंगाचा असतो. त्याच्या गळ्यावर पांढरा डाग व त्याखाली केसांचा झुपका असतो, आणि डोक्यावर आखूड, सरळ, टोकदार शिंगे असतात, जी क्वचितच वीतभर लांबीच्या पुढे जातात. एवढ्या थोराड देहावर एवढीशी शिंगे पाहून पहिल्यांदा बघणारा हटकून चकित होतो. मादी तांबूस तपकिरी असून तिला शिंगे नसतात, आणि वयात न आलेला नरही तिच्याच रंगाचा असल्यामुळे कळपात शिंगांचे खुंट शोधावे लागतात. गालावरचे दोन पांढरे ठिपके व खुरांच्या वरची पांढरी वलये दोघांनाही असतात. उतरत्या पाठीमुळे दूरवरूनही रोही हरणापासून वेगळा ओळखू येतो.

वागणूक पाहायची असेल, तर हिवाळ्याचा उत्तरार्ध उत्तम. एरवी नर बरेचदा माद्यांपासून वेगळे, एकेकटे किंवा लहान गटाने फिरतात. विणीच्या हंगामात मात्र ते कळपाभोवती घुटमळतात. दोन नर समोरासमोर आले की आधी मान ताठ करून गळ्याचा डाग एकमेकांना दाखवला जातो. तेवढ्याने भागले नाही, तर दोघेही पुढचे गुडघे जमिनीला टेकून मानेने रेटारेटी करतात. गर्भकाळ सुमारे आठ महिन्यांचा असतो आणि जुळी पिल्ले होणे नवलाचे नाही. नवजात पिल्लू सुरुवातीचे दिवस गवतात दडून राहते, त्यामुळे एकटे पिल्लू दिसले तर ते अनाथ आहे असे समजून उचलू नये. आई जवळपासच असते.

ज्याच्या शेतातून आपण हे सारे पाहणार, त्या शेतकऱ्याची परवानगी घ्यावी, आणि त्याच्यासमोर रोहीचे कौतुक बेताने करावे. कळप शिरला की एका रात्रीत हरभऱ्याचे रान तुडवले जाते, आणि ऐन थंडीत जागलीला जाणाऱ्या माणसाला त्यात सौंदर्य दिसावे, अशी अपेक्षा करणे गैर आहे. उलट, कळप कुठून येतो हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. पिकाच्या नुकसानीची भरपाई वनविभागाकडे मागता येते; पंचनाम्यासाठी खुरांची आणि लेंड्यांची छायाचित्रे आपण काढून दिली, तर पुढच्या खेपेला चहाही मिळतो. रोहीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे छायाचित्रासाठी त्याच्या मागे दुचाकी पळवणे टाळावेच. कठडा नसलेल्या विहिरीत पडलेला किंवा कुत्र्यांनी जखमी केलेला प्राणी आढळल्यास स्वतः दोर टाकण्याच्या फंदात पडू नये. गर्दी दूर ठेवावी आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.