झाड कंपाउंडमध्ये, फांद्या फूटपाथवर: छाटणी रीतसर कशी करून घ्यावी

आमच्या गेटसमोरून जाणारी माणसं पावसाळ्यात एका ठरावीक जागी छत्री तिरकी करायची. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून मला ते कधी दिसलं नव्हतं. वरून दिसायचा तो फक्त आमच्या कंपाउंडमधल्या पेल्टोफोरमचा, म्हणजे पिवळ्या फुलांच्या सोनमोहराचा, सडा. सोसायटीचा सेक्रेटरी झालो आणि पहिल्याच जूनमध्ये एक आजी गेटवर येऊन म्हणाल्या, "अहो, तुमचं झाड रोज माझ्या पदराला धरतं." तेव्हा कुठे मी खाली उतरून, फूटपाथवर उभं राहून वर बघितलं. सुकी असताना डोक्यावरून जाणारी फांदी ओल्या पानांच्या वजनाने चांगली फूटभर खाली आली होती.

त्यानंतर चार वर्षांत तीन छाटण्या करून घेतल्या. पहिली पार फसली, दुसरी बरी झाली, तिसरी जमली. हा अनुभव मुंबईचा आहे. पण झाडांचा कायदा राज्यातल्या सगळ्या शहरी भागांना लागू होतो, त्यामुळे पुण्या-नाशकातही कामाचा क्रम साधारण हाच राहील.

पहिलं काम: झाड कोणाचं?

बुंधा कुठे आहे ते बघा, फांदी कुठे गेली आहे ते नाही. बुंधा फूटपाथवर असेल तर झाड महापालिकेचं. तिथे तुमचं काम तक्रार करण्यापुरतं. त्याला हात लावायचा नाही, आपल्या खिडकीत शिरलेली फांदीसुद्धा आपण तोडायची नाही. बुंधा कंपाउंडच्या आत असेल तर ते बंगल्याच्या मालकाचं, किंवा सोसायटीचं. कायद्यात 'मालक किंवा भोगवटादार' (जागा प्रत्यक्ष वापरणारा) असे शब्द आहेत. म्हणजे "जागा अजून बिल्डरच्याच नावावर आहे हो" ही आपली लाडकी सबब इथे फारशी चालत नाही.

रस्त्यावर आलेल्या खासगी झाडांसाठी मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मध्ये कलम ३८३ आहे. पावसाळ्याच्या तोंडावर सोसायट्यांना छाटणीच्या नोटिसा येतात त्या याच कलमाखाली. नोटीस आली म्हणजे गुन्हा झाला असं नाही, पण ती फायलीत लावून विसरून जाणं महागात पडू शकतं. दिल्लीत १९६४ साली स्कूटरवरून जाणाऱ्या एका माणसाच्या डोक्यात रस्त्याकडेच्या झाडाची फांदी पडली आणि तो गेला. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि १९९९ मध्ये निकाल लागला. नीट पाहणी केली असती तर धोका लक्षात आला असता, आणि ती केली नाही, म्हणून झाडाची मालक असलेली महापालिका जबाबदार धरली गेली. हाच निकष खासगी मालकाला लावला तर आपल्या किती सोसायट्या टिकतील, याचा विचार मी शक्यतो रात्री करत नाही.

पाहणी ऑक्टोबरात करा

सगळे मे महिन्यात जागे होतात. पण गुलमोहर तेव्हा पानांशिवाय किंवा नुसत्या फुलांवर असतो. त्यातली जिवंत फांदी कुठली आणि वाळकी कुठली हे खालून ओळखणं अवघड. पाऊस सरल्यावर झाड गच्च हिरवं असतं, तेव्हा वठलेली फांदी हाडासारखी वेगळी दिसते.

एक सरळ बांबू घ्या आणि २.२ मीटरवर, म्हणजे सव्वासात फुटांवर, लाल चिकटपट्टी लावा. पादचारी मार्गाच्या राष्ट्रीय मानकांत चालणाऱ्याच्या डोक्यावर एवढी मोकळी जागा धरलेली आहे. बांबू उभा धरून फूटपाथच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. जिथे फांदी पट्टीच्या खाली येते तिथे खडूने खूण करा. पट्टीच्या वर फूटभरात असलेल्या फांद्याही मोजा, कारण पावसात त्या खाली येणार आहेत. दिव्याच्या खांबाचा उजेड अडतोय का, सिग्नल किंवा बसथांब्याची पाटी झाकली जातेय का, हेही त्याच फेरीत टिपून घ्या.

मग बुंध्याकडे या. खोडाला बशीसारखी कडक बुरशी फुटली असेल, बुंध्याशी माती उकलून भेग पडली असेल, वाळवीची मातीची नळी वर चढली असेल, किंवा दोन जाड फांद्या चिमट्यासारख्या एकमेकींना चिकटून वाढल्या असतील आणि बेचक्यात साल आत दबली असेल, तर हे काम छाटणीपुरतं नाही. उद्यान विभागाच्या माणसाला बोलवा. लाकडी हातोडीने खोड वाजवून बघितलं की आतून पोकळ झालेलं बऱ्यापैकी कळतं. बाजारात आपण नारळ वाजवतो, तसंच.

झाडाची जातही बघा. शेवगा कुणाला धोकादायक वाटत नाही, पण त्याची फांदी गाजरासारखी मोडते. गुलमोहर आणि पेल्टोफोरम वाऱ्यात अविश्वासू. वडाचं सगळे कौतुक करतात आणि ते रास्तच आहे, पण फूटपाथवर लोंबणाऱ्या पारंब्यांना शाळेतली मुलं लटकतात, त्याकडे लक्ष हवं.

परवानगीशिवाय कोयता नाही

मी पहिल्यांदा इथेच चुकलो. झाड आपलं, फांदी आपली, पैसे आपले, मग विचारायचं कुणाला? विचारायचं असतं. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मध्ये 'झाड तोडणे' याची व्याख्या फार रुंद आहे. जाळणं, कापणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं हे सगळं तिच्यात बसतं. उल्लंघनाला दंड आणि कैद, दोन्हींची तरतूद आहे. त्यामुळे पेच असा होतो की फांदी कुणाच्या डोक्यात पडली तर जबाबदार तुम्ही, आणि न विचारता कापली तरी जबाबदार तुम्हीच. यातून सुटायला एक कागद लागतो.

तो कागद वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्यात मिळतो. अर्जात झाडाची जात, संख्या, नेमकी जागा आणि कारण लिहा. तीन फोटो जोडा: पूर्ण झाडाचा, फूटपाथवरून वर बघून काढलेला, आणि लाल पट्टीचा बांबू फांदीला टेकलेला. हा तिसरा फोटो फार काम करतो. "फांद्या वाढल्या आहेत, कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी" असं मोघम लिहू नका. "पूर्वेकडील दोन फांद्या फूटपाथपासून पावणेसहा फुटांवर आल्या आहेत" असं लिहा. सोसायटी असेल तर कमिटीच्या ठरावाची प्रत लावा. पाहणीला माणूस येईल तेव्हा कुणीतरी घरी थांबा आणि त्याच्याबरोबर झाडाखाली उभे राहा.

अर्जात 'छाटणी' म्हणायचंय की 'तोडणे' हे पक्कं ठरवा. पूर्ण झाड काढण्याची प्रक्रिया वेगळी आणि लांबलचक आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'वारसा वृक्ष' धरलं जातं, आणि एक झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. चाळीस वर्षांचा पेल्टोफोरम म्हणजे चाळीस रोपं. ती लावणार कुठे, पार्किंगमध्ये?

अर्ज नोव्हेंबरमध्ये करा, काम डिसेंबर-जानेवारीत. फेब्रुवारीपासून तांबट पक्षी वाळक्या फांद्यांत भोक पाडून घरटी करतो, आणि नेमक्या त्याच फांद्या आपल्याला काढायच्या असतात. एप्रिल-मे कावळ्यांचा. घरट्यात अंडी-पिल्लं असतील तर ती फांदी तेवढी थांबवा, कारण तिथे वन्यजीव कायदा आडवा येतो. झाड आंब्याचं असेल तर मोहोर बघून सोसायटीत भांडण होईल, त्याची तयारी ठेवा.

माणूस आणि कोटेशन

सर्वांत स्वस्त माणूस झाड 'बोडकं' करून देतो, आणि लोकांना तेच आवडतं. पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. पण शेंड्यापासून छाटलेलं झाड घाबरून ढीगभर कोवळे धुमारे फोडतं. ते नुसते सालीशी चिकटलेले असतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत तेच गळून पडतात. एका वेळी पाव हिश्शापेक्षा जास्त पर्णभार काढायचा नाही, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. त्यातच हेही लिहा: फांद्या दोराने उतरवणार की नुसत्या पाडणार, माणसांना कमरेचा पट्टा आणि हेल्मेट आहे का, विमा आहे का, कचरा कोण आणि किती दिवसांत उचलणार. कचऱ्याचा मुद्दा राहिला तर ज्या फूटपाथसाठी हा सगळा खटाटोप केला, तोच आठवडाभर फांद्यांनी भरलेला राहतो.

छाटणीचा दिवस

आमची पहिली छाटणी कशी फसली ते सांगतो. तक्रार रस्त्याच्या बाजूची, म्हणून कंत्राटदाराने रस्त्याच्या बाजूच्या सगळ्या फांद्या काढल्या. फूटपाथ मोकळा झाला आणि झाडाचा सगळा भार इमारतीकडे गेला. दुसऱ्या पावसाळ्यात इकडची फांदी पार्किंगमधल्या स्कूटरवर आली, येताना खोडाची हातभर साल सोलून घेऊन. तेव्हापासून मी झाडाला चारी बाजूंनी फेरी मारल्याशिवाय करवत लावू देत नाही. तोल राखायला समोरच्या बाजूचीही थोडी फांदी हलकी करावी लागते, आणि तीही परवानगीत लिहिलेली हवी.

जाड फांदी तीन कापांत उतरवतात. पहिला काप खोडापासून फूट-दीड फूट अंतरावर, खालच्या बाजूने, जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतका. दुसरा त्याच्या दोन-तीन इंच पुढे, वरून, आरपार. फांदी सुटते, पण खालचा काप आधीच असल्यामुळे साल फाटत नाही. मग उरलेला ठोंब तिसऱ्या कापाने काढायचा. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, बांगडीसारखं. काप त्या कड्याच्या जरा बाहेर हवा. झाड जखम भरतं ते याच कड्यातून. कडं कापून खोडाशी सपाट केलं तर जखम मोठी होते आणि आत कूज शिरते, आणि हातभर ठोंब ठेवला तर तो वाळून कुजतो. डांबर फासायला निघाले तर थांबवा. लावायचीच असेल तर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट पुरे.

फांदीजवळून विजेची तार जात असेल तर काम वीज कंपनीला कळवल्याशिवाय सुरू करू नका. महावितरणच्या भागात १९१२ वर फोन करून पुरवठा बंद करून घ्या. ओला बांबू, ओली फांदी आणि तार यांचा हिशोब कुणीही करत बसू नये.

फूटपाथ दोन्ही टोकांना दोरीने बंद करा आणि दोन्हीकडे एकेक माणूस उभा ठेवा. नुसती पाटी कुणी वाचत नाही. वॉचमनला हे काम देऊ नका, तो गेट सोडून फांद्या बघत बसतो.

नारळ वेगळा

नारळाला छाटणी नसते, उतरवणी असते. वाळक्या झावळ्या आणि तयार नारळ वर्षातून तीन-चार वेळा काढावे लागतात, आणि त्यासाठी चढणारा माणूस हंगामाआधीच ठरवलेला बरा. २०१७ च्या जुलैमध्ये चेंबूरला चालत जाणाऱ्या एका बाईंवर अख्खं नारळाचं झाड कोसळलं आणि त्या वाचल्या नाहीत. म्हणून झावळ्या बघताना खोडही बघा. बुंध्यापासून वर कुठे बारीक झालंय का, भोकं पडून भुसा येतोय का, तांबूस चिकट रस गळतोय का. यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात लेखी कळवा आणि पोच घ्या.

नंतरचं

फाइल ठेवा: अर्ज, पोच, परवानगी, आधीचे आणि नंतरचे फोटो, बिल. सेक्रेटरी बदलला की फाइल त्याच्या हातात द्या, कपाटात नाही. भर पावसात फांदी मोडून लोंबत असेल तर मुंबईत १९१६ वर कळवा आणि तोवर खाली कुणाला उभं राहू देऊ नका.

आणि बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक उचला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करायला सांगितलं होतं. आम्ही तेवढीच जागा मोकळी केली. काही गाड्यांचं पार्किंग वीतभर सरकलं, त्यावरून दोन मीटिंगा झाल्या. आता तिथे छाटणीचाच पाचोळा पसरलेला असतो, आणि त्या आजी छत्री सरळ धरून जातात.