खरखर तबकडीची की संगीताची?

प्रायोगिक रॉकची जुनी रेकॉर्ड घेताना एक पेच पडतो. खरखर, शिट्ट्या, तुटक आवाज हे संगीतातच मिसळलेले असतात, मग तबकडी खराब झाली आहे हे ओळखायचं कसं?

सेकंद मोजा. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने फिरणारी तबकडी एक फेरा १.८ सेकंदांत पूर्ण करते. आडवा ओरखडा असेल तर ‘टक्’ असा आवाज नेमका तेवढ्याच अंतराने येतो. ४५च्या वेगाला साधारण १.३ सेकंदांनी. ठेका बदलो, गाणं थांबो, ही टकटक आपल्याच चालीने सुरू राहते. धुळीची तडतड मात्र अनियमित असते आणि कार्बन फायबरच्या ब्रशने बरीच कमी होते.

अपवाद एकच, पण मला फार आवडणारा: लॉक्ड ग्रूव्ह. बाजूच्या शेवटची खाच स्वतःलाच जोडलेली असते आणि सुई तिथेच फिरत राहते. अमेरिकी रॉक गायक लू रीडच्या ‘मेटल मशीन म्युझिक’ (१९७५) या दोन तबकड्यांच्या अल्बमची चौथी बाजू अशीच कधी संपत नाही. लेबलजवळ, बाजूच्या अगदी शेवटी तुकडा फिरत राहिला तर रेकॉर्ड सदोष समजून परत करू नका. बाजूच्या मध्येच सुई अडकली, तर मात्र ओरखडा किंवा घाण शोधा.

ऐकून झालं की लिव्हरने टोनआर्म (सुई धरणारा दांडा) उचला. अनेक टर्नटेबलवर तो आपोआप उचलला जात नाही आणि सुई उगाच झिजत राहते.